कुत्रा-मांजर आणि आपण: कुणाला कुणाकडून काय हवं असतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान घरात, त्यातही शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांबद्दल आहे. लसी, गोचिडी, खाण्याचे तक्ते इथे नाहीत. माया, एकटेपणा, भीती आणि ताटातूट यांबद्दलचे प्रश्न आहेत, कारण दवाखान्यात त्यांच्यासाठी वेळ उरत नाही.

कुत्र्याला खरंच आपली माया असते, की सगळं पोळीच्या तुकड्यासाठी?

पोळीचा तुकडा लागतोच, पण तेवढ्यावर हे नातं उभं नाही. लहान मूल आईला किती धरून आहे हे पाहण्याची एक जुनी चाचणी आहे: अनोळखी खोली, अनोळखी माणूस, आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. १९९८ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी हीच चाचणी कुत्र्यांवर केली. घरचं माणूस खोलीत असताना कुत्रे मोकळेपणी हिंडले, खेळले. ते बाहेर गेलं की दाराशी जाऊन उभे राहिले. २०१५ मध्ये जपानच्या अझाबू विद्यापीठात आणखी एक गोष्ट दिसली. कुत्रा आणि त्याचं माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक दोघांच्याही शरीरात वाढतं. माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांत तसं झालं नाही.

मांजरांबद्दल आपण उगाच वाईट बोलतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठाने मांजरांची अशीच चाचणी घेतली. सुमारे दोन-तृतीयांश मांजरं आपल्या माणसाला आधार मानणारी निघाली.

मग त्यांना आपल्याकडून नेमकं काय हवं असतं?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदेमळणी करतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं, तोच खांदा हळद-लोणी लावून चोळतात. जनावर आपल्यासाठी जिथे झिजतं, काळजी तिथेच घ्यायची, ही यातली खोल समज.

घरातल्या कुत्र्याच्या खांद्यावर जू नसतं. त्याचं काम वाट पाहणं. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत तो लिफ्टचा आवाज ऐकत असतो. म्हणून त्याला सगळ्यात जास्त गरज असते अंदाजाची: जेवण कधी, फिरणं कधी, तुम्ही परत कधी. वेळा अर्धा तास इकडेतिकडे झाल्या तर चालतं, पण क्रम बदलू नये. दुसरी गरज नाकाची. फिरवताना पट्टा ओढत पुढे नेऊ नका. दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास फिरवत असाल, तर त्यातली निदान दहा मिनिटं त्याला हवं तिथे थांबून हुंगू द्या. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावरच न्या. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहा. चटका बसला तर पंजे भाजतात.

तिसरी गरज बहुतेक घरांत विसरली जाते: उठून निघून जाण्याची मुभा. कपाटाखाली, पलंगामागे, कुठेही एक जागा अशी असावी की तिथे बसलेल्या जनावराला कुणी हात लावणार नाही.

मांजराचा हिशेब थोडा वेगळा आहे. त्याला उंचावर बसायची जागा, लपायची जागा आणि रोज दोनदा दहा-पंधरा मिनिटांची शिकार लागते. शिकार म्हणजे काठीला बांधलेलं पीस. ते मांजराच्या तोंडावर नाचवू नका. त्याच्यापासून दूर, कोपऱ्याआड पळवा, मध्येच निश्चल ठेवा, शेवटी पकडू द्या आणि लगेच खायला द्या. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्याचा नैसर्गिक क्रम आहे. रात्री दोन वाजता पायांवर झेप घेणारी पुष्कळ मांजरं एवढ्याने शांत होतात. आणि खिडक्यांना जाळी लावलेली हवीच. कबुतरावर नजर लागली की मांजराला मजला दिसत नाही.

आम्ही दोघंही नोकरीला जातो. दहा तास घर बंद. कुत्रा पाळावा का?

मध्ये कुणी येणार नसेल तर नको. मोठ्या कुत्र्याला रोज चार ते सहा तासांहून जास्त एकटं ठेवू नये. पिल्लाची लघवी धरायची ताकद ढोबळमानाने 'जितके महिने वय, त्यात एक मिळवून तेवढे तास' इतकीच असते. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तासांत घाण करणारच, त्यात त्याचा दोष नाही. दुपारी फिरवायला येणारा माणूस, शेजारच्या आजी किंवा दिवसाचं पाळणाघर यांपैकी एक सोय पक्की करा आणि मगच पिल्लू आणा.

किल्ली हातात घेतली की रडायला लागतो. निघाल्यावर दार ओरबाडतो, शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात. काय करायचं?

आधी जुना मोबाइल टेकवून चित्रण करा. कंटाळलेला कुत्रा तुम्ही गेल्यावर झोपतो, तासा-दोन तासांनी उठून चप्पल शोधतो. घाबरलेला कुत्रा पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतो. धापा टाकतो, लाळ गाळतो, दार आणि खिडकी सोडत नाही, समोर ठेवलेल्या आवडत्या खाऊला तोंड लावत नाही. कंटाळ्यावर जास्त फिरणं आणि चघळायला देणं पुरतं. भीतीवर ते पुरत नाही.

भीती असेल तर किल्लीपासून सुरुवात करा. दिवसातून आठ-दहा वेळा किल्ली उचला आणि परत ठेवा. चपला घाला आणि सोफ्यावर बसा. पर्स खांद्याला लावा आणि भाजी निवडा. कुत्रा मान वर करायचा थांबला की पुढची पायरी: दाराबाहेर जाऊन पाच सेकंदांत परत. मग दहा, वीस, परत सात, मग चाळीस. वेळ एकसारखी वाढवत नेऊ नका. प्रत्येक वेळ आधीपेक्षा अवघड, हे त्याच्या लक्षात येतं. तो उठून दाराशी आला किंवा ओठ चाटू लागला, म्हणजे तुम्ही घाई केली. मागच्या पायरीवर जा. शून्यापासून अर्ध्या तासापर्यंत पोचायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, काही कुत्र्यांना दोन-तीन महिने. अर्ध्या-पाऊण तासानंतर प्रगती झपाट्याने होते.

हे फसतं ते बहुतेक एकाच कारणाने. सकाळी सराव चाळीस सेकंदांचा आणि दुपारी घर चार तास बंद. मग सरावावर विश्वास बसत नाही. शिकवणीच्या काळात कुत्र्याला झेपेल त्याहून जास्त एकटं ठेवायचं नाही. शेजारी, नातेवाईक, सुट्ट्या, घरून काम, जे जमेल ते करा. त्रास फार असेल तर पशुवैद्य चिंतेवरचं औषध देतात. त्यात कमीपणा नाही, औषधामुळे शिकवणी पचते. भुंकल्यावर झटका देणारा पट्टा मात्र कधीच वापरू नका. घाबरलेल्याला वर दुखवून भीती जात नाही.

उशी फाडली की मान खाली घालून कोपऱ्यात बसतो. म्हणजे त्याला चूक कळतेच ना?

त्याला तुमचा चेहरा कळतो. २००९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हे तपासलं. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला होता की नाही, याचा त्या 'अपराधी' चेहऱ्याशी संबंधच निघाला नाही. माणूस रागावलं की कुत्रा तसा दिसायचा. ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं, तेही रागावल्यावर तसेच दिसले. कान मागे, डोळे वळवलेले, शेपटी पायांत, याचा अर्थ 'माफ कर' असा नाही, 'मारू नकोस' असा आहे. चार तासांपूर्वीच्या उशीवरून आज ओरडलात, तर कुत्रा एवढंच शिकतो की तुम्ही घरी आलात की धोका. आणि दिवसभर तो तुमचीच वाट पाहत होता.

मांजर मांडीवर येत नाही, उचललं की पळतं. त्याला आम्ही आवडत नाही का?

आवडत असाल, पण त्याची रीत वेगळी आहे. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की तेही उठून दाराशी येऊन बसतं, हेच त्याचं सोबत करणं. शेपटी ताठ उभी आणि टोकाला किंचित वाकलेली असेल तर ती ओळखीची खूण. मोठी मांजरं एकमेकांशी क्वचितच 'म्यॅव' करतात. तो आवाज बहुतेक करून माणसांसाठी असतो.

जमिनीवर बसा, थोडं तिरकं. नजर रोखू नका. डोळे अर्धवट मिटा, क्षणभर बंद ठेवा, हळूच उघडा. २०२० मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं की माणसाने अशी सावकाश उघडझाप केली की मांजरंही तशीच उत्तर देतात आणि पुढे केलेल्या हाताकडे जास्त येतात. मग एक बोट नाकाच्या उंचीवर धरा. मांजर गाल घासेल. गाल, हनुवटी, कानाच्या बुडाशी खाजवा. पोट आणि शेपटीचं मूळ टाळा. तीन सेकंद कुरवाळा आणि हात काढून घ्या. त्याने परत डोकं पुढे केलं तर होकार. शेपटीचं टोक फटकारायला लागलं किंवा पाठीची कातडी थरथरली, तर आजच्यापुरतं पुरे.

आजवर माणसांत असलेलं मांजर अचानक लपायला लागलं तर मनाचं कारण नंतर शोधा, आधी दवाखाना. बोका लघवीला बसतो आणि काही होत नाही, हे तातडीचं आहे, रात्र काढू नका. मांजराने पूर्ण दिवस काही खाल्लं नसेल तरी दाखवा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून ते आजारी पडतं.

आमची मुलगी कुत्र्याला घट्ट मिठी मारते. किती गोड दिसतं! काही बिघडतं का?

फोटो मोठा करून कुत्र्याचा चेहरा बघा. बहुतेक फोटोंत तोंड मिटलेलं असतं, मान मुलीपासून दूर वळलेली असते आणि डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसत असतो. तो सहन करतोय. गळ्याभोवती हात पडले की त्याची निघून जायची वाट बंद होते. आधी तो मान वळवतो, मग ओठ चाटतो, जांभई देतो, मग ताठरतो, मग गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल त्याला मारलंत, तर पुढच्या वेळी गुरगुरणं गळून पडेल आणि थेट चावा येईल.

मुलांना तीन गोष्टी शिकवा: कुत्र्याला बोलवायचं, आपण त्याच्याकडे जायचं नाही. छातीवर किंवा मानेच्या बाजूला तीन सेकंद हात फिरवून थांबायचं. झोपलेल्या आणि खाणाऱ्या जनावराला हात लावायचा नाही. सहा-सात वर्षांपर्यंत मूल आणि कुत्रा मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत नकोत, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

घरात भांडणं, परीक्षा, आजारपण चालू आहे. त्याला कळतं का?

शब्द कळत नसतील, वातावरण कळतं. २०१९ मध्ये स्वीडनच्या लिंशोपिंग विद्यापीठाने ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक मोजलं. केसांत महिनोन्महिन्यांच्या ताणाची नोंद राहते. मालकिणीचं प्रमाण जास्त, तिथे कुत्र्याचंही जास्त, असं दिसलं. यातून स्वतःला बोल लावू नका. घरात वाईट दिवस असतात तेव्हा निदान त्याचं फिरणं चुकवू नका. त्या अर्ध्या तासाचा तुम्हालाही उपयोग होतो.

मी सगळं त्याच्याशीच बोलते. माणसांत जावंसंच वाटत नाही. हे चुकीचं आहे का?

बोला. तो सल्ला देत नाही, मध्ये तोडत नाही, ऐकलेलं दुसऱ्याला सांगत नाही. असं ऐकणारं कुणी हवं असणं अगदी रास्त आहे. पण एकटेपणावर प्राणी पाळणं हा हमखास उपाय आहे का, यावर संशोधनाचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. फायदा बऱ्याचदा आडवाटेने येतो: कुत्र्यामुळे तुम्ही रोज ठरल्या वेळी बाहेर पडता आणि लोक तुमच्याशी बोलायला थांबतात. 'याला सोडून कसं जाऊ' म्हणून लग्नकार्यं, मैत्रिणी, डॉक्टरची वेळ टळू लागली, तर त्याला एकटं राहायला शिकवा, वरच्या पाच-दहा सेकंदांपासून. ते शिकणं दोघांच्याही हिताचं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आम्ही परदेशात, आई-बाबा पुण्यात एकटे. त्यांना सोबत म्हणून पिल्लू घेऊन द्यावं का?

पिल्लू नको. भेट म्हणून अचानक तर मुळीच नको. पिल्लू रात्री तीनदा उठवतं, पायांत घोटाळतं, दात येताना सगळं चावतं. सत्तरीतल्या माणसाला पट्ट्याच्या एका हिसक्याने खुब्याचं हाड मोडू शकतं. शिवाय कुत्रा दहा-तेरा वर्षं जगतो, घरातलं मांजर पंधराही. तेव्हा आई-बाबांचं वय काय असेल, ते आजच मोजा.

त्यांना मनापासून हवं असेल तर पाच ते आठ वर्षांचा, शांत, माणसांची सवय असलेला देशी कुत्रा किंवा मोठं मांजर दत्तक घ्या. संस्थेला विचारून आधी दोन आठवडे सांभाळायला आणा. आणण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहा: पाय मुरगळला तर फिरवणार कोण, दवाखान्यात नेणार कोण, दर महिन्याचा खर्च कुणाच्या खात्यातून, आणि आई-बाबा राहिले नाहीत किंवा तुमच्याकडे आले तर जनावर कुणाकडे. चौथ्या प्रश्नाला एका माणसाचं नाव आणि त्या माणसाचा स्पष्ट होकार हवा. 'बघू तेव्हा' हे उत्तर नाही. घरातला माणूस गेल्यावर त्याची वाट पाहणाऱ्या कुत्र्याला त्याच आठवड्यात घरही बदलावं लागतं, हे फार वाईट.

नवीन घरात आलेल्या मोठ्या जनावराला ढोबळमानाने तीन दिवस बिचकणं, तीन आठवडे वेळा समजणं आणि तीन महिने 'हे माझं घर' वाटणं, एवढा वेळ द्या. पहिल्या आठवड्यात नातेवाईकांना बघायला बोलावू नका.

एकटा पडतो म्हणून दुसरा आणू का?

तो तुमची वाट पाहत असेल तर दुसऱ्या कुत्र्याने ती वाट संपत नाही. कधी कधी दोघं मिळून रडतात. दोन मांजरांचं तर आणखी जपून करावं लागतं: वेगळ्या खोल्या, आधी वासाची ओळख (एकीचं फडकं दुसरीच्या जेवणाशेजारी), मग दाराच्या फटीतून, मग नजरेसमोर. दोन ते चार आठवडे. लिटर बॉक्स (शी-शूसाठीची वाळूची पेटी) मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि सगळे एकाच कोपऱ्यात नकोत.

टेबलाशी बसून बघत राहतो. नाही म्हणवत नाही.

त्याला अर्धा हवा असतो तो घास आणि अर्धी तुमची नजर. म्हणून तुकडा द्यायचाच तर त्याच्या जेवणातून बाजूला काढलेला द्या आणि दोन मिनिटं त्याच्याशी खेळा. दिवाळीच्या फराळात विशेष जपा. बेसनाच्या लाडवावरचा मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण घातलेलं काहीही कुत्र्याला विषारी ठरू शकतं. मनुक्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

फटाक्यांना घाबरतो तेव्हा जवळ घेतलं तर भीती वाढते, असं म्हणतात. खरं का?

नाही. भीती ही भावना आहे, कुशीत घेतल्याने ती पक्की होत नाही. तो जवळ आला तर घ्या, पलंगाखाली गेला तर ओढून काढू नका.

तयारी गणपतीच्या आधी सुरू करा. फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज इतका हळू लावा की कुत्रा कान हलवेल पण उठणार नाही, आणि तेव्हाच आवडता खाऊ द्या. रोज पाच मिनिटं. आठवड्यात आवाज अगदी थोडा वाढवा. दिवाळीत शेवटचं फिरणं अंधार पडायच्या आत, पट्टा लावूनच. गळपट्ट्यावर तुमचा फोन क्रमांक हवा. खिडक्या नसलेली आतली खोली किंवा पॅसेज, जाड पडदे, पंखा, टीव्ही. औषध लागणार असेल तर दोन आठवडे आधी पशुवैद्यांना भेटा आणि एखाद्या शांत दिवशी मात्रा देऊन पाहा. नुसतं अंग ढिलं करणारं औषध चालत नाही. कुत्रा हलत नाही, पण आत तेवढाच घाबरलेला असतो. 'भीती कमी करणारं द्या' असं स्पष्ट सांगा.

बाळ येणार आहे. घरचे म्हणतात मांजर सोडून द्या.

सोडू नका. गर्भाला अपाय करू शकणारे टोक्सोप्लाझ्माचे जंतू मांजराच्या शीतून पडतात, पण ते लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. लिटर रोज दुसऱ्या कुणी साफ करावं. गर्भवतीने मटण-चिकन नीट शिजवून खावं, कच्ची भाजी-फळं धुऊन घ्यावीत, मातीत काम करताना हातमोजे घालावेत. बाळ येण्याच्या दोन-तीन महिने आधीच मांजराच्या झोपण्याच्या जागा आणि वेळा बदला, म्हणजे बदलाचा संबंध बाळाशी लागणार नाही. पाळलेलं जनावर बेवारस सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

मुलांना पोपट हवाय.

आपल्याकडचा हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तो पाळता येत नाही. थव्यात राहणाऱ्या पक्ष्याला पिंजऱ्यात एकटं ठेवलं की तो स्वतःची पिसं उपटतो. गॅलरीत पाण्याचं पसरट भांडं ठेवा, येतील ते पक्षी बघा.

त्याचं वय झालंय. वेळ आली हे कसं ओळखायचं?

त्याच्या आवडीच्या पाच गोष्टी लिहा: दाराशी येणं, चेंडू, गच्ची, दूधभात, शेजारचा मुलगा, जे असेल ते. कॅलेंडरवर रोज चांगला दिवस, वाईट दिवस अशी खूण करा. पाचपैकी तीन गोष्टी सुटल्या, किंवा वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त झाले, की पशुवैद्यांशी त्याला इंजेक्शनने वेदनेशिवाय कायमचं शांत करण्याबद्दल बोला. आधी गुंगीचं इंजेक्शन द्या आणि मगच दुसरं, असा आग्रह धरा. शक्य असेल तर घरी बोलवा. हात त्याच्या डोक्यावर ठेवून त्याच्याशी बोलत राहा. डोळे उघडे राहतात, नंतर एखादा खोल श्वास येतो, लघवी होते. हे आधी ठाऊक असलं की धक्का बसत नाही.

तो गेला. घरातला दुसरा कुत्रा जेवत नाही, आणि आम्हालाही सुचत नाही. किती दिवस चालतं हे?

दुसऱ्या कुत्र्याचं जेवण, खेळ आणि झोप काही आठवडे ते काही महिने बिघडू शकते. इटलीत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, एक कुत्रा गेल्यावर मागे राहिलेल्याची वागणूक बदलल्याचं बहुतेक घरांनी सांगितलं. गेलेल्याचं अंथरूण लगेच धुऊ नका, त्याला हुंगू द्या. जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा त्याच ठेवा. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर दवाखान्यात न्या.

तुमचं म्हणाल, तर फरशीवर नखांचा आवाज ऐकू येणं, रात्री दार किंचित उघडं ठेवणं, पोळीचा शेवटचा तुकडा हातात राहणं, हे महिनोन्महिने होतं. 'कुत्राच तर होता' म्हणणाऱ्यांना समजावत बसू नका. मुलांना 'झोपला' किंवा 'गावाला गेला' सांगू नका, ती वाट पाहत राहतात. 'मेला, आता परत येणार नाही' असं सरळ सांगा आणि त्यांच्याजवळ बसा. पट्टा आणि वाटी कधी आवरायची ते घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा. एकट्याने परस्पर टाकून देऊ नका. नवीन जनावर आणायचं तर त्याला गेलेल्याचं नाव देऊ नका, आणि मागे राहिलेला कुत्रा नीट जेवायला लागेपर्यंत थांबा.